ते टेबल १८८० चं नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या वस्तूंची आवड असलेल्या मंडळींवर आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात एक लेख आला होता. माझ्या धाकट्या भावानं सांगलीहून त्याचा फोटो काढून पाठवला. सोबत एकच ओळ : "ताई, हे तुझ्या गॅरेजमधलंच ना गं?"

माझं नव्हे, पण त्याचंच भावंड. महाबळेश्वरच्या वाटेवरच्या एका हॉटेलच्या मालकांनी इंग्लंडहून कंटेनर भरून जुनं सामान आणलंय. त्यातल्या हिरव्या कापडाच्या टेबलाच्या फोटोखाली आपण छापलंय की हे व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, १८८० चं बार बिलियर्ड्स टेबल. पुण्याचे विल्सन जोन्स याच खेळाचे जगज्जेते. आणि पुढच्या बाजूची पितळी चीर म्हणजे नोकरांसाठी बक्षिशी टाकायची पेटी. तीन विधानं, तिन्ही चुकीची. मी इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये चाळीस वर्षं राहते, त्यातली सत्तावीस बँकेच्या काउंटरवर नाणी मोजण्यात गेली, आणि असं एक टेबल गेली बारा-तेरा वर्षं आमच्या मोटारीची जागा अडवून बसलंय. म्हणून लिहायचं धाडस करते आहे.

आधी विल्सन जोन्स. त्यांचा जन्म पुण्यातला, १९२२ चा. १९५८ साली कलकत्त्यात आणि १९६४ साली न्यूझीलंडमध्ये त्यांनी हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा जिंकली. पण त्यांचा खेळ इंग्लिश बिलियर्ड्स. बारा फूट बाय सहा फूट टेबल, कडेला सहा पॉकेट, तीन चेंडू, भोवती चारही बाजूंनी फिरायला मोकळी खोली. आपल्या जिमखान्यांतून जी जुनी टेबलं आहेत ती ही. बार बिलियर्ड्सचं टेबल त्याच्यापुढे शिंगरू. साधारण सहा फूट लांब, कडेला एकही पॉकेट नाही, भोकं सगळी टेबलाच्या पृष्ठभागावरच, नऊ. चेंडू आठ, सात पांढरे आणि एक लाल, स्नूकरच्या चेंडूंहून लहान. आणि खेळायचं फक्त एका टोकाला उभं राहून. दुसरं टोक भिंतीला लावून ठेवलं तरी चालतं. इंग्लंडमधले पब म्हणजे आपल्या वाड्यातल्या माजघराएवढे. तिथं बारा फुटी टेबल कुठलं मावायला? हे मावलं, म्हणून रुजलं.

रुजलं कधी, तर १९३० च्या दशकात. बेल्जियममध्ये 'रशियन बिलियर्ड्स' नावाचा खेळ चालायचा. तो डेव्हिड गिल नावाच्या इंग्रजानं पाहिला आणि लंडनच्या हॉलोवे रोडवरच्या जेल्क्स या बिलियर्ड्स टेबलं करणाऱ्या कारखान्याला तसं टेबल बनवायला लावलं. १९३६ साली ऑक्सफर्डला पहिली लीग सुरू झाली. म्हणजे व्हिक्टोरिया राणी जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. १८८० साली इंग्लंडमध्ये बार बिलियर्ड्स टेबल असणं म्हणजे शिवाजी महाराजांच्या दरबारात टेबलफॅन असण्यासारखं आहे.

हॉटेलमालकांना दोष देत नाही. विकणाऱ्यानं जे सांगितलं ते त्यांनी तुम्हाला सांगितलं. इथं जुन्या बाजारात लाकूड काळपट दिसलं की 'व्हिक्टोरियन' म्हणतात, आपल्याकडे कुठलाही तांब्या 'पेशवेकालीन' होतो तसं. पण फोटोत टेबलाच्या कडेवर एक पितळी पट्टी आहे. लेखात तिच्यावरचं दुकानाचं नाव म्हणजेच टेबल बनवणारा, असं धरलंय. मी फोनवर चित्र मोठं करून पाहिलं. नाव अर्धवट वाचता येतं, पण खालचा फोन नंबर स्पष्ट आहे, '०१-६०७' आणि पुढे चार आकडे.

१८८० सालच्या टेबलावर फोन नंबर! बेलसाहेबांनी टेलिफोनचं पेटंट घेतलं १८७६ ला आणि लंडनमध्ये पहिलं एक्स्चेंज निघालं १८७९ ला. दुकानदार भलताच उत्साही असला पाहिजे.

गंमत बाजूला ठेवू, कारण हा नंबर खरंच कामाचा आहे. लंडनचे फोन नंबर १९६६ च्या सुमारापर्यंत तीन अक्षरं आणि चार आकडे असे असत. अक्षरं एक्स्चेंजच्या नावाची. हॉलोवेच्या भागातलं एक्स्चेंज 'नॉर्थ', म्हणून एन, ओ, आर. इंग्लंडच्या डायलवर एन सहाच्या भोकात, ओ शून्याच्या भोकात आणि आर साताच्या. म्हणजे ६०७. पुढे अक्षरं गेली, आकडे राहिले, आणि ६०७ च्या आधी लंडनचा ०१ लागला. तो ०१ मे १९९० मध्ये बंद झाला. तेव्हा ती पट्टी १९६६ ते १९९० यांच्या मधली, आणि पत्ता हॉलोवेच्या आसपासचा. तिच्यावरून एवढंच कळतं, की त्या काळात त्या दुकानानं हे टेबल विकलं असेल, दुरुस्त केलं असेल, नाहीतर त्याचं कापड बदललं असेल. टेबल कुणी बनवलं हे ती सांगत नाही. सायकलच्या मडगार्डवर दुकानाचं नाव असतं, म्हणून सायकल त्या दुकानदारानं बनवली असं आपण म्हणतो का? बार बिलियर्ड्सची टेबलं जेल्क्सनं केली, सॅम्सनं केली, बरोज अँड वॉट्स आणि रायलीसारख्या मोठ्या बिलियर्ड्सवाल्यांनीही केली. बरोज अँड वॉट्सची स्थापना १८३६ ची. म्हणजे नुसतं ते नाव आणि स्थापनेचं साल कुठं दिसलं, की विकणारा टेबलाचं वयच शंभर वर्षांनी वाढवून ठेवतो.

हे शहाणपण मला कुठून आलं ते सांगते. आमचे हे मंगळवारी पबच्या टीमकडून बार बिलियर्ड्स खेळतात. रेडिंगमध्ये अजून लीग चालते. मी स्वतः दारूच्या वासानं दारातूनच परत फिरणारी, त्यामुळे वीस वर्षं मला हा खेळ फक्त त्यांच्या उशिरा येण्यावरून माहीत होता. मग तो पब बंद पडला. मालक म्हणाला, दीडशे पौंड द्या आणि घेऊन जा. यांनी मला न विचारता दिले. चार माणसं लागली. लाकडाचं वजन फारसं नसतं, कापडाखाली अखंड पाटीच्या दगडाची लादी असते, तिनं सगळ्यांच्या कमरा धरल्या.

गॅरेजमध्ये आणल्यावर मी पहिल्यांदा ते नीट पाहिलं, ते नाण्याच्या चिरेपासून. तुमच्या लेखातली ती 'बक्षिशीची पेटी'. मिरज जंक्शनवर लाल-पिवळे दिवे फिरणारं वजनाचं मशीन आठवतं ना? नाणं टाका, खट्‌ करून तिकीट बाहेर. तीच कल्पना. इथं नाणं टाकलं की आतली आडवी दांडी वर होते, चेंडू घरंगळत पुढे येतात आणि घड्याळ सुरू होतं. मिनिटं ठरलेली, पंधरा ते वीसच्या दरम्यान. तोवर भोकात गेलेला प्रत्येक चेंडू परत हाताशी येतो. वेळ संपली की आतल्या आत ठक्‌ असा आवाज येतो, दांडी पडते, आणि त्यानंतर गेलेला चेंडू गेला. पबमालकाला भाडं, आणि मागं ताटकळणाऱ्यांना आपली पाळी येईल याची खात्री.

माझ्या टेबलाची चीर वीस पेन्सच्या नाण्याची होती. वीस पेन्सचं नाणं निघालं १९८२ ला. आमचे हे लगेच म्हणाले, "मग टेबल ब्याऐंशी नंतरचं." मी म्हटलं, थांबा. बँकेत असताना आम्ही पाहिलंय, नाणं बदललं की गावभरच्या मशीनवाल्यांची धांदल. मशीन कुणी फेकून देत नाही, तोंडाची पट्टी बदलतात. स्क्रू काढले तर खाली दुसरी पट्टी निघाली, जुन्या दहा पेन्सची, साडेअठ्ठावीस मिलिमीटर व्यासाची. ते मोठं दहा पेन्स १९९२ ला बारीक झालं, पण आधीच्या दोन शिलिंगच्या नाण्याचं मापही तेच, त्यामुळे ही पट्टी १९७१ च्या दशमान पद्धतीच्या अलीकडची की पलीकडची ते मापावरून सांगता येत नाही. ती काढली, तर मूळ लाकडात कापलेली खाच, भुसा आणि सरस भरून बुजवलेली. पेनच्या टोकानं सरस उकरला आणि जवळच्या नाण्यांनी मापून पाहिलं. आताचं पाच पेन्स, अठरा मिलिमीटर, आरपार घरंगळलं. एक पेनी, वीस मिलिमीटरला किंचित जास्त, अडली. या दोघांच्या मध्ये बसणारं एकच नाणं माझ्या ओळखीचं आहे, जुनं सिक्स पेन्स, साडेएकोणीसच्या आतबाहेर.

१५ फेब्रुवारी १९७१ ला इंग्लंडनं पैशाचं दशमान केलं, आपण १९५७ ला केलं तसं. बारा पेन्सची शिलिंग गेली. सिक्स पेन्स मात्र अडीच नव्या पेन्सच्या भावानं १९८० पर्यंत चालत राहिलं. पण एका खेळाला अडीच पेन्स घेऊन कोणत्या पबमालकाचं भागणार? तेव्हा मूळ खाच पन्नाशी-साठीच्या किंवा त्याही आधीच्या काळातली.

आणि मग ते नाणंच सापडलं. खाचेच्या मागं पत्र्याच्या पन्हळीत आडवं अडकून बसलेलं सिक्स पेन्स. कुणा गिऱ्हाइकाचं नाणं मशीननं खाल्लं होतं, त्यानं त्या दिवशी टेबलाला लाथ घातली असणार. १९४८ चं, सहाव्या जॉर्जचं. एका बाजूला राजाचा मुखडा, दुसऱ्या बाजूला मुकुटाखाली जी, आर, आय ही अक्षरं गुंफलेली, आणि कडेनं 'इंड इम्प'. हिंदुस्थानचा बादशहा! १९४८ साली! आपण स्वतंत्र होऊन वर्ष उलटत होतं आणि इथल्या टांकसाळीत बादशाही चालूच होती. १९४९ च्या नाण्यांवरून ती अक्षरं काढली आणि मुकुटाखालचा बादशहाचा आयही गेला. यांना मी ते वाचून दाखवलं, तर हे म्हणाले, "चहा टाक." असो.

आता इथं एक चूक सहज होते, आणि मीही दोन दिवस तिच्यात होते. १९४८ चं नाणं सापडलं म्हणून टेबल १९४८ चं असं म्हणता येत नाही. नाणं पंचवीस वर्षं खिशाखिशातून फिरतं. त्यावरून फक्त एवढं कळतं, की १९४८ नंतर कधीतरी हे टेबल सिक्स पेन्स घेत उभं होतं. त्याआधी किती वर्षं उभं होतं, याबद्दल नाणं अवाक्षर बोलत नाही.

घड्याळ मात्र मी उघडलं नाही. आमच्या वडिलांचं सांगलीत गणपती पेठेत घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, ते आता भाऊ चालवतो. त्याला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. तो म्हणाला, "ताई, गुंडाळलेल्या स्प्रिंगला हात लावू नकोस, बोट जाईल." मग तासभर मी दिवा धरून उभी आणि तो तिकडून सांगतोय, जरा डावीकडे, आता खाली. त्याला दोन गोष्टी दिसल्या. एक, घड्याळाच्या पत्र्यावरची भोकं आणि लाकडावरची भोकं जुळत नव्हती, म्हणजे घड्याळ मागाहून बसवलेलं. आणि जुन्या भोकांतले स्क्रू सरळ खाचेचे, तर नव्या घड्याळाचे फुलीच्या खाचेचे. "घड्याळ तुझ्या टेबलाचं नातू आहे," असं म्हणाला. मला ते आवडलं. एका टेबलात तीन पिढ्या नांदत असतात, आणि विकणारा सगळ्यांत म्हाताऱ्याचं वय सांगतो, किंवा त्यालाही जे नाही ते.

पायांचे बोल्ट निघेनात. यांच्याकडे मिलिमीटरचे पाने, ते बसेनात. इंचाचे आणले, तेही सैल. शेजारचा म्हातारा जुन्या इंग्लिश मोटरसायकली दुरुस्त करतो. त्यानं नुसतं बोट फिरवून सांगितलं, व्हिटवर्थ. इंग्लंडमधलं जुनं माप, १८४१ पासूनचं. मिलिमीटरकडे वळायला या देशानं १९६५ नंतर सुरुवात केली. त्याच्याकडचा पाना अगदी गच्च बसला.

पण खरं उत्तर मिळालं ते कापड बदलताना. कापड, गादीचं रबर, चेंडू, मशरूम यांच्यावरून वय काढायला जाऊच नये, हे सगळं झिजतं आणि बदलतं. (मशरूम म्हणजे भोकांपुढे उभे केलेले छोटे लाकडी खुंट, तुमच्या लेखात त्यांना 'शोभेच्या मुठी' म्हटलंय. शोभेचे नाहीत हो, जिवावरचे आहेत. पांढरा खुंट पाडला तर त्या पाळीचे सगळे गुण जातात. दोनशे गुणांच्या भोकापुढचा काळा पाडला तर त्या खेळातली तोवरची सगळी कमाई शून्य. आमच्या ह्यांचे एकदा चार हजारांवर गुण असताना काळा पडला. त्या रात्री जेवले नाहीत.) पण कापड बदलणारा कारागीर जुनं कापड काढतो तेव्हा लादी उघडी पडते, आणि तिथं सही करायचा मोह कारागिरांना आवरत नाही. आमच्या लादीवर पेन्सिलनं तीन नोंदी निघाल्या. सगळ्यांत नवी १९८३ ची, वीस पेन्सच्या पट्टीशी जुळणारी. मधली १९६७ ची. आणि सगळ्यांत जुनी, पुसट, ९-३-५४, खाली दोन अक्षरं. ५४ साली कापड बदललं, म्हणजे पहिलं कापड तोवर झिजलं होतं.

बनवणाऱ्याचं नावही टेबलाच्या आतच मिळालं, बाहेरच्या पट्टीवर नव्हे. बाहेर जे पितळ होतं ते रेडिंगच्याच एका दुरुस्तीवाल्याचं. पण नाण्याची पेटी पूर्ण ओढून काढल्यावर आतल्या फळीवर कागदी चिठ्ठी होती, अर्धी वाळवीनं नाही, इथं वाळवी नसते, पण बिअरनं खाल्लेली. तिच्यावर जेल्क्स, हॉलोवे रोड, लंडन, एन ७, आणि नॉर्थ एक्स्चेंजचा अक्षरी नंबर. लंडनच्या टपाल विभागांना आकडे मिळाले १९१७ ला, तेव्हा ७ असल्यामुळे त्या नंतरची. अक्षरी नंबर असल्यामुळे १९६६ च्या आधीची. आणि पेटी, फळी, पायाची आतली बाजू, तिन्हींवर खडूनं एकच आकडा, ३१. सुटे भाग एकत्र जुळवताना कारखान्यातच टाकलेला. म्हणजे चिठ्ठी दुसऱ्या टेबलाची उचलून डकवलेली नाही.

तर वरची मर्यादा १९५४, खालची १९३० च्या दशकाचा मध्य. मधली सहा वर्षं युद्धाची, आणि १९४२ पासून दहा वर्षं सरकारनं फर्निचरवर नियम घातलेले, लाकूड मोजूनमापून मिळायचं. आमच्या टेबलाच्या न दिसणाऱ्या पट्ट्यासुद्धा जाड महोगनीच्या आहेत. टंचाईत कुणी असं लाकूड पोटात लपवत नाही. म्हणून मी माझ्या टेबलाचं जन्मसाल १९३६ ते १९३९ धरते. हे म्हणतात १९५०. आमच्या घरात या विषयावर समेट झालेला नाही.

महाबळेश्वरच्या टेबलाबद्दल इतकं खोलात मी फोटोवरून सांगू शकत नाही, पण लेखातल्या फोटोत टेबलाच्या बाजूचा पत्रा फॉर्मायकाचा वाटतो, चकचकीत, लाकडाचं चित्र छापलेला, कोपऱ्यावर उचकटलेला. तो मूळचाच असेल तर टेबल साठ-सत्तरच्या दशकातलं. आणि त्यात कमीपणा काय आहे? तेव्हाही ती हातानंच जुळवत. पण तो पत्रा नंतर वरून मारलेला असेल, तर खाली जुनं लाकूड असू शकेल. हे कोपऱ्यातल्या उचकटलेल्या भागातून बॅटरी मारून पाहिलं की पाच मिनिटांत कळेल.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. लेखात शेवटी म्हटलंय, की मालक हे टेबल पुढच्या महिन्यात पूर्ण घासून, पॉलिश करून, ती 'पेटी' काढून तिथं पितळी गणपती बसवणार आहेत. गणपतीबद्दल माझी तक्रार नाही, मी सांगलीची आहे. पण पेटी काढली तर नाण्याच्या पट्ट्या जातील, आणि पॉलिशवाला आतून पॉलिशपेपर मारेल तेव्हा खडूचे आकडे आणि चिठ्ठी असेल तर तीही. शिवाय दांडी आणि घड्याळ काढल्यावर ते टेबल खेळायला नव्हे, फुलदाणी ठेवायला उरेल. त्यांना माझा एवढा निरोप द्यावा : पॉलिशवाल्याला बोलावण्याआधी पेटी ओढून आत बघा, प्रत्येक पट्टीचे आणि टेबलाच्या पोटाचे फोटो काढा, काढलेला एकही स्क्रू भंगारात देऊ नका, एका डब्यात ठेवा. कापड बदलणार असाल तर लादी ओल्या फडक्यानं पुसू नका. पेन्सिल पाण्यानं जाते. फोटो मला पाठवले तर मी आणि माझा भाऊ, दोघं मिळून वय सांगू, फुकट.

आमच्या टेबलावर आम्ही वीस पेन्सची पट्टी काढून मूळ खाच मोकळी केली आणि भावानं सांगितलं तसं थेंब थेंब तेल घातलं. आता ते पुन्हा सिक्स पेन्सवर चालतं. घरात सिक्स पेन्स एकच आहे, बादशहाचं. खेळायला येणाऱ्यानं ते टाकायचं, आणि खेळ संपला की पेटी उघडून मी ते काढून घेते. किल्ली माझ्याकडे असते.

आपली,
एक सांगलीकर वाचक
रेडिंग, इंग्लंड